मॅडमना सांगा

३ मार्च, मंगळवार

ती. ताईस,

नमस्कार. गुडघा कसा आहे? शेक घेतेस की नुसतीच घेईन घेईन म्हणतेस? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांची साखर आटोक्यात आहे, गच्चीवरची टाकी गळायची एकदाची थांबली, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कुत्रं पाळलंय. ते ह्यांना बघून शेपूट हलवतं आणि मला बघून भुंकतं. माझ्या अंगाला दवाखान्याचा वास येत असावा.

हे सगळं रविवारी फोनवर सांगून झालंय, मग आता पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मला जमत नाही म्हणून. तू पलीकडून "हं, मग?" म्हणालीस की माझं बोलणं आपोआप गुळगुळीत व्हायला लागतं. कागदावर निदान खाडाखोड दिसते.

दवाखान्यात एक प्रकरण झालंय. तेरा तारखेपर्यंत मला लेखी जबाब द्यायचा आहे, आणि मी त्यात काय लिहिते त्यावर मी ऑपरेशन थिएटरमध्ये राहते की नाही ते ठरेल. बावीस वर्षं काढलीत मी तिथे. दुसरं काही मला धड येत नाही, स्वयंपाकसुद्धा, हे तुला माहीतच आहे.

तर ऐक. आमचे सर्जन आणि भूल देणाऱ्या मॅडम आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते. झालं असं की एका आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. मॅडमनी सकाळी छाती तपासली, घरघर ऐकली आणि आज भूल देणार नाही म्हणाल्या. सर नातेवाइकांसमोरच म्हणाले, "भूल द्यायची भीती वाटत असेल तर दुसरं काम बघा." मॅडम म्हणाल्या, "थांबायची लाज वाटत असेल तर तुम्ही बघा." संपलं. तुमचंच बरोबर आहे, असं मी त्या दिवशी दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून अबोला. शाळेत दोन बाई एकमेकींशी बोलत नसल्या तरी शाळा चालते, तू चालवलीच आहेस. थिएटरचं तसं नाही. पेशंट टेबलावर झोपलेला, त्याच्या डोक्याशी मॅडम, पोटाशी सर, मध्ये एक हिरवा पडदा. दोघांत अंतर चार फूट. सरांच्या शेजारी हत्यारं हातात द्यायला मी. त्यामुळे सगळी वाहतूक माझ्यावरून सुरू झाली.

"मॅडमना सांगा, टेबल डावीकडे झुकवा."

"सरांना सांगा, टेबल कधीच झुकलंय. मान वर केली तर दिसेल."

"सर, झुकवलंय."

असं. पहिले काही दिवस बाकीचे गालातल्या गालात हसायचे. मग कुणाला त्यात काही वाटेनासं झालं. नव्याने आलेल्या डॉक्टरांना तर ही इथली पद्धतच वाटायची. मॅडम टोचून बोलायच्या, सर खेकसायचे, आणि मी मधल्या मध्ये काटे काढून बोलणं पलीकडे सरकवायचे. एकदा मेट्रनच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "तू आहेस ना तिथे? घे सांभाळून." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

सोळा फेब्रुवारीला पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. पेशंट चाळिशीची, घरी शिवणकाम करणारी बाई. ऑपरेशन दुर्बिणीचं. त्यात पोटात गॅस भरून पोट फुगवतात, म्हणजे आत बघायला जागा होते. एखाद्याला तो गॅस सोसत नाही आणि नाडी एकदम मंदावते. अशा वेळी आधी गॅस सोडून द्यायचा आणि थांबायचं, हे शिकाऊ नर्सलाही ठाऊक असतं. बाईची नाडी मंदावली. मॅडमनी सांगितलं. मी निरोप दिला. सर म्हणाले, बघतो. मॅडमनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा निरोप दिला. मग बाईचं हृदय थांबलं.

चार मिनिटं छाती दाबावी लागली. परत आली. पाच दिवस आयसीयूत होती, आता वॉर्डात आहे. माणसं ओळखते, बोलते, जेवते. उजव्या हाताची बोटं मात्र अजून हवी तशी वळत नाहीत. सुधारेल म्हणतात. तिचा नवरा रोज भेटेल त्याला विचारतो, साधं ऑपरेशन होतं ना हे?

म्हणून चौकशी समिती बसली आहे. आता खरी मजा ऐक. आठ महिने ज्यांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं, ते दोघं गेल्या बुधवारी कँटीनमध्ये एका टेबलावर बसून चहा पीत होते. समोर एकच कागद. मॅडमनी सही केली आणि पेन सरांना दिलं, सरांनी थँक्यू म्हटलं. मी पाण्याचा ग्लास घेऊन मागे उभी होते. त्या कागदावर लिहिलंय की सूचना वेळेत आणि स्पष्टपणे पोचली नाही. पोचवणारी कोण, ते लिहिलेलं नाही, पण थिएटरमधल्या फरशीलासुद्धा ते माहीत आहे.

हे म्हणाले, "ती दोघं भांडली तेव्हाही तू मध्ये, गोडीत आली तेव्हाही तूच मध्ये." ह्यांना सुचतं कधी कधी.

मेट्रननी मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "निरोप दिला होता, एवढंच लिही. जास्त पाल्हाळ नको. पुढचं मी बघते." त्यात खोटं काहीच नाही. तरी सही करायला हात होत नाही. तू मुख्याध्यापिका होतीस, असले जबाब तू पोत्याने वाचले असतील. तुझं मत कळव.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी


१० मार्च, मंगळवार

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. सात ओळी, त्यातली एक तारीख. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी तुझं लाल पेन काही सुटलेलं नाही. "निरोप दिला, हे तू तीनदा लिहिलं आहेस. काय शब्दांत, ते एकदाही नाही. त्या काय बोलल्या आणि तू काय बोललीस, ते अक्षर न् अक्षर लिहून दे."

आधी मला रागच आला. पत्र फ्रिजवर ठेवलं आणि भांडी जरा आपटूनच घासली. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आज तुला लिहिते, म्हणजे समितीला लिहायचा सराव होईल.

मॅडम म्हणाल्या, "नाडी चाळीसवर आली. त्यांना सांगा, गॅस सोडा. आत्ता."

मी म्हणाले, "सर, मॅडम म्हणतायत, गॅसचं जरा बघा."

एवढंच.

मी ते ठरवून केलं नाही. आठ महिन्यांत मॅडमनी गॅसवरून सरांना पन्नास वेळा टोकलं असेल. "इतका गॅस कशाला, फुगे विकायचेत का त्यांना?" असलं काहीतरी. दरवेळी मी त्याचं "गॅसचं जरा बघा" करून द्यायचे. त्या दिवशीही तोंडातून तेच गेलं. सरांना ते रोजचंच वाटलं. "सांगा त्यांना, बघतो," म्हणाले आणि काम करत राहिले.

चार फुटांवरून सरांना स्वतःला ऐकू आलं नाही का, असं तू विचारशील. समितीही विचारेल. ऐकू येत होतं गं. पण मॅडमचा आवाज आला की तो आपल्यासाठी नाही, तो सिस्टरसाठी आहे, तिच्याकडून आला की मग ऐकायचं, अशी त्यांच्या कानाला सवय झाली होती. निदान मॉनिटरची टिकटिक मंदावल्याचं तरी कळायला हवं होतं. तिचा आवाज बारीक ठेवा, हा सरांचा हुकूमही दोन महिन्यांपूर्वी मीच पोचवला होता, वर "प्लीज" लावून.

दुसऱ्यांदा मॅडम इंजेक्शन भरता भरता म्हणाल्या, "सोडला का? काय करतायत काय ते?" मी म्हणाले, "सर, मॅडम विचारतायत." तिसऱ्यांदा त्या थेट ओरडल्या, "गॅस सोडा!" आठ महिन्यांत पहिल्यांदाच सरळ त्यांना. आणि सरांनी काय केलं सांगू? माझ्याकडे बघितलं. मी काय सांगते त्याची वाट बघत. माझ्या हातात चिमटा होता, तो तसाच धरून मी उभी. मग मीही ओरडले. त्यांनी गॅस सोडला, पण तोवर मॉनिटरवरची रेघ सपाट झाली होती.

सगळं मिळून बावन्न सेकंद. मॉनिटरमध्ये वेळ नोंदलेली असते.

मी कोणते शब्द वापरले ते फक्त मला माहीत आहे. मॅडम तेव्हा औषधात गुंतल्या होत्या. कॅमेरा धरणारा डॉक्टर आठवत नाही म्हणतो, आणि तो सरळ माणूस आहे, खरंच आठवत नसेल. सर म्हणतात, सिस्टर काहीतरी म्हणाल्या. म्हणजे मेट्रनचं वाक्य उतरवून काढलं तर कुणीच मला खोटं पाडू शकत नाही. दोन-चार बैठका होतील, "संपर्कातील त्रुटी" असा शिक्का बसेल आणि मी आहे तिथे राहीन. खरे शब्द लिहिले तर थिएटर गेलं. मला ते हवं आहे, ताई. सकाळी हात धुऊन, गाऊन चढवून, ट्रेमध्ये सगळं ओळीने मांडलं की माझं डोकं शांत होतं, तसं ते घरी कधी होत नाही.

कपाळ बडवून घ्यावं इतका मला त्या दोघांचा राग आहे. बोलायचं त्यांनी टाकलं आणि जीभ वापरली माझी. तेही मी लिहिणार आहे. आठ महिन्यांचं सगळं, मेट्रनसकट.

शुक्रवारी जबाब देते. तुझं ऐकायचं असं ठरवलंय. पण तुझं ऐकायचं तर मला आणखी एक कागद लिहावा लागेल, आणि तो आज होणार नाही.

धाकटी


२२ मार्च, रविवार

ताईस,

नमस्कार. आज मी फोन उचललेला नाही. सकाळपासून दोनदा वाजला, तूच असशील. आधी हे वाच, मग हवं तर कर.

जबाब दिला. साडेचार पानं झाली. समितीत तिघं होते. दोन डॉक्टर आणि बाहेरून आलेल्या एक बाई. वाचून झाल्यावर डॉक्टरांपैकी एक म्हणाले, "सिस्टर, हे लिहायची तशी गरज नव्हती." दुसरे खिडकीबाहेर बघत होते. त्या बाईंनी मात्र विचारलं, "तुम्ही शब्द का बदललेत?" मी म्हणाले, "सवयीने." त्यांनी ते लिहून घेतलं.

निकाल लगेच लागला. सर आणि मॅडम दोघांनाही लेखी ताकीद मिळाली आणि तीन महिने त्यांनी एकत्र ऑपरेशन करायचं नाही. मेट्रनकडून खुलासा मागवलाय. त्या आता माझ्याशी बोलत नाहीत, काही सांगायचं असलं तर स्टोअरच्या सिस्टरकरवी सांगतात. हसू नकोस. थिएटरमध्ये नवा नियम लागलाय. ज्याला सांगायचं त्याचं नाव घेऊन सांगायचं आणि त्याने ते मोठ्याने परत म्हणून दाखवायचं. पहिल्या दिवशी सगळे पाढे म्हणणाऱ्या पोरांसारखे लाजत होते म्हणे. मी बघितलं नाही. जबाब दिल्यापासून मला थिएटरबाहेरच ठेवलंय, आणि एक एप्रिलपासून मी बाहेरच्या पेशंटच्या ड्रेसिंगला आहे.

त्या शिवणाऱ्या बाईला काल घरी सोडलं. समितीने तिच्या नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं, हे बरं केलं. तो बाहेर आला तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये होते. मला म्हणाला, "तुम्हीच का त्या?" मी म्हटलं, "हो, मीच." त्याने माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "तिला अजून सुईत दोरा ओवता येत नाही." आणि गेला. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

ताई, समितीला मी "सवयीने" म्हणाले ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं असं की मला ते आवडत होतं. दोन हुशार माणसं एकमेकांना काही सांगू शकत नव्हती आणि दोघांनाही मी लागत होते. ती बोलायला लागली असती तर मी पुन्हा नुसती हत्यारं देणारी बाई झाले असते. समेट घडवायचा मी एकदाही प्रयत्न केला नाही, हे मला जबाब लिहिताना, तिसऱ्या पानावर, लक्षात आलं.

आणि ही सवय मला थिएटरमध्ये लागली नाही. मी ती घरून घेऊन गेले होते.

भाऊजींची नोकरी गेली त्या वर्षी आई जेवताना त्यांच्या तोंडावर म्हणाली, बायकोच्या जिवावर बसून खातो. तू ताट सोडून उठलीस. दारात मला म्हणालीस, "तिला सांग, मेले तरी तिच्या घरात पाय ठेवणार नाही." मी आत जाऊन सांगितलं, "ताई दमलीय, नंतर बोलेल." मग आई म्हणायची, "तिला सांग, तिच्यावाचून माझं काही अडलेलं नाही," आणि मी तुला फोनवर सांगायचे, "आई बरी आहे, तुझी चौकशी करत होती." अकरा वर्षं मी हेच केलं. तुम्ही दोघी एकदा समोरासमोर कडाकडा भांडला असतात तर महिन्याभरात मिटलं असतं. मी तुम्हाला भांडूच दिलं नाही.

इथवरचं तुला थोडंफार ठाऊक असेल. पुढचं नाही.

आईच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, तिने ऑक्सिजनची नळी बाजूला केली आणि तुझ्यासाठी निरोप सांगितला. मी लगेच तुला फोन केला. तुला तो फोन आठवत असेल. मी म्हणाले, "आई तुझी आठवण काढते. सवडीने ये, घाई नाही." तू म्हणालीस, परीक्षा संपतायत, शनिवारी निघते. आई बुधवारी दुपारी गेली. मी नर्स आहे, ताई. तिला शनिवार दिसणार नाही हे मला सोमवारीच कळत होतं.

तू आलीस, ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "शेवटपर्यंत तिने मला बोलावलं नाही." मी तुला चहा करून दिला. तीन वर्षं तू ते तसंच धरून बसली आहेस, आणि मी दर रविवारी तुझ्याशी गुडघ्यावर बोलते आहे.

हे सवयीने झालं असं लिहून मी सुटू शकते. तसं लिहिणार होते, वर एक ओळ खोडलेली तुला दिसेल. नऊ वर्षं मी तिचं सगळं केलं. अंथरूण, औषधं, न्हाऊ घालणं, थिएटरमध्ये दिवसभर उभी राहून आल्यावर. तिने एकदा मला "बरं केलंस" म्हटलं नाही. आणि नळी काढून, धाप लागलेली असताना, डोळ्यांत पाणी आणून जे बोलली ते तुझ्यासाठी. मला तिचा राग आला. तुझाही आला. ते जसंच्या तसं तुला द्यायला माझी जीभ उचलली नाही. फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणाले, "हो." ती त्यानंतर दोन दिवस दाराकडे तोंड करून झोपली.

माफ कर, असं मी लिहीत नाही. ते लिहिलं की तुला काहीतरी समजूतदार उत्तर द्यावं लागेल, आणि तू तसं द्यावंस असं मला वाटत नाही. चिडलीस तर चिडूनच लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

आईने सांगितलेलं खाली लिहिते. एकही शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

"थोरलीला सांग, जावयाला बोलले ते माझं चुकलं. आत्ता निघ म्हणावं, उद्यावर टाकू नकोस. तू येईपर्यंत मी तग धरते म्हणावं."

तिचा हा निरोप तीन वर्षं स्वतःजवळ ठेवणारी,
तुझी धाकटी